तृतीयपंथी सहकारी कामावर येण्याआधी : कोल्हापूरच्या कारखानदारांना आणि संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतले कारखानदार, तसेच जिल्ह्यातल्या बँका, पतसंस्था, दूध संघ, शोरूम, दवाखाने आणि शिक्षणसंस्था चालवणारे सर्वजण,

स. न. वि. वि.

गेली १९ वर्षं मी टाइम ऑफिसात काम करते. हजेरी, गेट पास, रजा, पीएफ, ईएसआय, कॅन्टीनची कुपनं यात माझा दिवस जातो. अलीकडे तुमच्यापैकी काही जण भेटले की विचारतात, "मॅडम, आम्हालाही एखादा तृतीयपंथी उमेदवार घ्यायचाय. काय काय करावं लागतं?" विचारणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण मी उभ्या उभ्या जे उत्तर देते ते अर्धवट असतं, आणि अर्धवट उत्तरानं एका मुलीचं किती नुकसान झालं ते मी जवळून पाहिलं आहे. २६ जूनला शाहू जयंतीचे तुमचे फ्लेक्स चौकाचौकांत लागतील. त्याआधी पुरं उत्तर लिहून द्यावं म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कारखान्यात होते तिथं डिस्पॅचला एक मुलगी घेतली. बी. कॉम. झालेली, टॅली येणारी, चलन आणि ई-वे बिल झटपट काढणारी. ती ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे मुलगा म्हणून वाढलेली पण स्वतः स्त्री असलेली, हे मुलाखतीत तिनंच सांगितलं. साहेब म्हणाले, "आपल्याला कामाशी मतलब." त्या दिवशी मला साहेबांचा अभिमान वाटला होता. चार महिन्यांनी तिनं राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं 'घरगुती'. मी तो कागद फायलीला लावला आणि तिचा हिशेब काढून दिला.

घरगुती काहीच नव्हतं. गेटजवळच्या मशीनवर अंगठा ठेवला की आतून बाईचा आवाज 'थँक यू' म्हणतो आणि पडद्यावर नाव येतं. तिच्या आधार कार्डावर पुरुषाचं नाव होतं, तेच मी सिस्टीमला चढवलं होतं. सकाळी पावणेआठला त्या मशीनसमोर तीस-चाळीस माणसांची रांग असते. पहिल्याच आठवड्यात मागच्या कुणीतरी पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि लोक हसले. पुढं ते रोजचंच झालं. मग ती सव्वासातलाच यायला लागली, रांग लागायच्या आधी. मला वाटलं, पोरगी वक्तशीर आहे. मी तर एका मीटिंगमध्ये बाकीच्यांना तिचं उदाहरणही दिलं.

त्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर दिसायचं नाव वेगळं टाकता येतं. पगारपत्रकाला कागदावरचं नाव, पडद्याला हाक मारायचं नाव. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते मला येत होतं. आमच्याकडे एकाच नावाचे तीन पाटील होते, गोंधळ नको म्हणून त्यांच्या नावापुढं मोल्डिंग, फेटलिंग, मेंटेनन्स असं मीच लिहून ठेवलं होतं. तिच्यासाठी ते करावं हे मला सुचलं नाही आणि मागावं हे तिला जमलं नाही. नवीन नोकरी, त्यात पहिल्याच महिन्यात तक्रार कोण करणार?

दुसरी गोष्ट पाण्याच्या बाटलीची. एप्रिल होता. भट्टी चालू असलेल्या आवारात एप्रिल म्हणजे काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. तिच्या टेबलावरची स्टीलची बाटली दुपारी चारलाही गळ्यापर्यंत भरलेली दिसायची. मी एकदा म्हटलं, "पाणी पीत जा गं, आजारी पडशील." ती म्हणाली, "घरी गेल्यावर पितो की, ताई." बायकांच्या बाथरूममध्ये दोघींनी तिच्यावरून कुरकुर केली होती. पुरुषांच्या बाजूला तिनं जायचा प्रश्नच नव्हता. म्हणून ती साडेआठ तास काही पीत नव्हती. ऑफिसच्या मागं पाहुण्यांसाठी एक स्वतंत्र टॉयलेट होतं, आतून कडी लागणारं, दिवसातून दोनदासुद्धा वापरलं न जाणारं. त्याची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

हे सगळं मला ती गेल्यावर कळलं, तेही तिच्या गावच्या एका कामगाराकडून. साहेबांनी नोकरी दिली, मी कागद केले, आणि दोघांनाही वाटलं की आपण आपलं केलं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं आहे की उमेदवार येण्याआधी आपली जागा एकदा नीट बघून घ्या. अर्जापासून बघा. 'लिंग' या रकान्यात दोनच चौकोन असतील तर तिसरा घाला, आणि 'हाक मारायचं नाव' असा एक रकाना सगळ्यांसाठीच ठेवा. मशीनचा पडदा, ओळखपत्र, ईमेल, डिपार्टमेंटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, कॅन्टीनची यादी, या सगळीकडं तेच नाव जाऊ द्या. पीएफ आणि बँकेला आधारप्रमाणे नाव लागतं, ते पगारपत्रकात राहील आणि ते पगारपत्रक फक्त टाइम ऑफिस आणि अकाउंट्स बघतील. पुढं आधारवर नाव बदललं की पॅन, बँक, ईएसआय, पीएफ अशी रांगच लागते, आणि पीएफच्या काही दुरुस्त्यांना जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे कामगार आणि कंपनी दोघांनी मिळून करायचा अर्ज, लागतो. ते टेबलावर महिनाभर पडू देऊ नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि मार्कलिस्टवर जुनं नाव असतंच, त्यावरून उमेदवार खोटा ठरत नाही. पडताळणी करणाऱ्या एजन्सीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते गावात जाऊन शेजारपाजारी विचारत बसतात आणि माणसाचं राहतं घर सुटतं.

टॉयलेटला नवीन बांधकाम लागतं असं समजू नका. ट्रान्स स्त्रीला बायकांचं टॉयलेट वापरायचं असेल तर ते तिचंच आहे. दोघी कुरकुरल्या तर त्या दोघींशी बोलायचं काम वरिष्ठांचं आहे, तिचं नाही. शिवाय एखादं एकेरी, कडीचं टॉयलेट सगळ्यांसाठी उघडं ठेवा. फाउंड्रीवाल्यांनी एक जास्तीची गोष्ट बघावी. शिफ्ट सुटल्यावर अंगावरची काळी धूळ धुवायला आपल्याकडे एका ओळीत उघडे नळ असतात. तिथं ट्रान्स पुरुषाची काय अवस्था होत असेल याचा विचार करा. दोन आडोसे आणि दोन दारं घालायला किती खर्च येतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ट्रान्स पुरुषांचा विषय निघालाच आहे तर सांगते. तृतीयपंथी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साडी नेसलेली, टाळी वाजवणारी व्यक्तीच येते. मुलगी म्हणून वाढलेला, पण स्वतः पुरुष असलेला माणूस आपल्याला दिसतच नाही. तो तुमच्या पतसंस्थेत काउंटरला बसलेला असू शकतो, तुमच्याच ठरवलेल्या साडीच्या किंवा पंजाबी ड्रेसच्या युनिफॉर्ममध्ये. युनिफॉर्म शर्ट-पँट किंवा साडी-ड्रेस, ज्याला जो हवा तो, एवढी एक ओळ नियमात बदला. तो माणूस समोर येऊन काही बोलणार नाही. पण त्याला श्वास घ्यायला जागा होईल.

आता भाषेचं. इंग्रजी बोलणाऱ्या कंपन्यांत सर्वनामांवर चर्चासत्रं होतात. आपल्याकडं मराठीत तर क्रियापदसुद्धा लिंग विचारतं. 'आलास का', 'आलीस का', 'जेवला', 'जेवली', दिवसातून दोनशे वेळा. आणि टवाळी करायची असेल तर तिसरं हत्यार तयारच असतं, 'ते आलं बघ'. मी ते 'ते' ऐकलं आहे आणि ऐकून गप्प बसले आहे. सुपरवायझरला एकच सांगून ठेवा. ती म्हणायचं, तो म्हणायचं की आणखी काही, ते त्या व्यक्तीला एकदा बाजूला घेऊन विचारावं आणि त्यानंतर तसंच बोलावं. चुकलं तर लगेच दुरुस्त करून पुढचं वाक्य बोलावं. तासभर माफी मागत बसू नये, त्यानं तिचीच पंचाईत होते.

आपल्या कोल्हापूरला तर हे अवघड जाऊच नये. आपल्याकडच्या बायका 'मी बाजारला जाऊन येतो', 'मी सकाळीच जेवलो' असं राजरोस म्हणतात. माझी आजी तशीच बोलायची. तिचं बाईपण कुणी कधी तपासलं नाही. ती मुलगी 'घरी गेल्यावर पितो' म्हणाली तेव्हा ती माझ्या आजीच्याच भाषेत बोलत होती. पण तिच्या तोंडी तो 'पितो' ऐकून डिस्पॅचमधले दोघे एकमेकांकडे बघून हसले.

घराचं बोलते. कोची मेट्रोनं २०१७ मध्ये वीसहून जास्त ट्रान्सजेंडर व्यक्तींना नोकरी दिली, देशभर कौतुक झालं. थोड्याच दिवसांत त्यातल्या ८ जणांनी काम सोडलं, कारण त्यांना परवडेल अशी भाड्याची खोली कुणी देत नव्हतं. मेट्रोनं आपल्या गेटच्या आत बरंच केलं होतं, अडलं गेटच्या बाहेर. आपल्याकडे वेगळं होईल असं मला वाटत नाही. राजारामपुरीत किंवा उचगावात खोली बघायला गेलं की घरमालक आधी माणूस बघतो, मग आडनाव, मग भाडं सांगतो. तिथं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र, किंवा कंपनीच्या नावानं केलेला भाडेकरार, फार मोठं काम करतो. परगावच्या इंजिनिअरसाठी तुम्ही हे नेहमी करता. दुसऱ्या पाळीचंही तसंच. रात्री उशिरा कंपनीची बस तावडे हॉटेलच्या चौकात सोडून देते, तिथून पुढं घरापर्यंत कसं जायचं हे ज्याचं त्यानं बघायचं. तिच्या बाबतीत ते ज्याच्या त्याच्यावर सोडू नका.

कायद्याचं थोडक्यात, कारण ते तुमचे सल्लागार सांगतील. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात तृतीयपंथीयांचे मूलभूत हक्क मान्य केले. तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा २०१९ चा. त्याच्या कलम ९ प्रमाणे नोकरी, भरती, बढती यात भेदभाव करता येत नाही आणि कलम ११ प्रमाणे आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. २०२० च्या नियमांत समान संधी धोरण, टॉयलेटची सोय, सुरक्षितता आणि ओळखीची गोपनीयता हे सगळं आलेलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये, उत्तर प्रदेश आणि गुजरातमधल्या शाळांतल्या नोकऱ्या गमावलेल्या एका ट्रान्स शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा कागदावरच राहिल्याबद्दल सरकारांना खडसावलं, नुकसानभरपाई द्यायला लावली आणि समान संधी धोरण तयार करायला समिती नेमली. मला एवढंच विचारायचं आहे की तुमच्या गेटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर लावलेला आहे का? मी ज्या ज्या कारखान्यांत गेले तिथं सुरक्षा समितीचा बोर्ड असतो, महिला तक्रार समितीचा असतो, हा नसतो. आणि नेमाल तेव्हा त्या व्यक्तीच्याच खात्याच्या वरिष्ठाला नेमू नका. तक्रार बहुधा त्याच्याबद्दलच असते.

"असे उमेदवार येतच नाहीत हो," हे मी पुष्कळदा ऐकते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद 'इतर' या रकान्यात झाली. त्यातले आपल्या जिल्ह्यातले कुठं दिसतात ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा करून देवीचे जग, म्हणजे डोक्यावरून नेलेल्या देवीच्या पाट्या, परतले की ओढ्यावरच्या यल्लम्माला आंबील यात्रेत आपण सहकुटुंब जातो, वांग्याचं भरीत, भाकरी आणि आंबील नेतो, देवीला वाहिलेल्या जोगत्यांच्या पाया पडून भंडारा लावून घेतो. सगळे जोगते तृतीयपंथी नसतात आणि सगळे तृतीयपंथी जोगते नसतात, पण ज्यांच्या पायाशी आपण त्या दिवशी वाकतो त्यातलं कुणी सोमवारी बायोडेटा घेऊन आलं तर वॉचमन गेटवरच दहा रुपये हातावर ठेवून वाटेला लावतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उमेदवार येत नाहीत असं म्हणण्याआधी तुमच्या वॉचमनशी बोला.

आणि काम कुठलं द्यायचं याचाही विचार व्हावा. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल (स्वच्छतेवर लक्ष ठेवणारे) म्हणून घेतलं, ती मोठी सुरुवात होती. पण आपण सगळेच सुरक्षारक्षकापाशी थांबलो तर ज्यांनी आयटीआय केलं, डिप्लोमा केला, त्यांनी काय करायचं? टाटा स्टीलनं २०२१ मध्ये वेस्ट बोकारोच्या खाणीत १४ ट्रान्सजेंडर व्यक्तींना अवजड यंत्रं चालवायला घेतलं. क्रेन, फोर्कलिफ्ट, सीएनसी, क्वालिटी इन्स्पेक्शन, दूध संघाच्या प्रयोगशाळेतलं फॅट टेस्टिंग, यातलं काय जमणार नाही?

काही गोष्टी करू नका, अशी हात जोडून विनंती आहे. पहिल्याच दिवशी शाल, श्रीफळ आणि फेटा बांधून सत्कार करू नका. आपल्याला सत्काराची फार हौस, पण ज्या व्यक्तीला रांगेतल्या चाळीस जणांत मिसळून जायचं आहे तिला तुम्ही स्टेजवर उभं करता. फोटो पेपरला द्यायचा तर आधी लेखी विचारा, तिच्या घरी ठाऊक नसेल. ऑपरेशन झालंय का, हा प्रश्न कुणीही, डॉक्टर सोडून, विचारू नये. उपचारासाठी रजा लागली तर ती इतर कुठल्याही वैद्यकीय रजेसारखी द्यावी आणि कागद एकाच टेबलावर राहावा. सौंदत्तीला जायला कुणाला सुट्टी लागली तर जोतिबाच्या यात्रेला देता तशी द्या. आणि कर्मचाऱ्यांना समजावून सांगायला कुठल्या तृतीयपंथी कार्यकर्त्याला बोलावलंत तर चहा-बिस्किटावर पाठवणी करू नका. बाकीच्या ट्रेनरना जे मानधन देता ते द्या.

शेवटचं मागणं मालकांकडं आहे, माझ्यासारख्या टेबलावरच्या माणसांकडं नाही. गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या त्या माणसाला शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली. तेवढ्यानं काम झालं असतं तर महाराज तिथंच थांबले असते. पण हॉटेल निघालं तरी तिथं चहा प्यायला कोण येणार? म्हणून महाराज स्वतः तिथं जायचे, चहा घ्यायचे, आणि बरोबरच्या वरच्या जातीतल्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. १९०२ मध्ये मागासांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखण्याचा हुकूम काढणारा राजा भाऊसिंगजी रोडवरच्या एका छोट्या हॉटेलात जात होता, कारण हुकुमानं कप ओठाला लागत नाही हे त्यांना कळत होतं.

आमच्या साहेबांनी त्या चार महिन्यांत एकदा, फक्त एकदा, दुपारी डिस्पॅचमध्ये खुर्ची ओढून तिच्यासोबत डबा खाल्ला असता तर मशीनसमोरचं हसू दुसऱ्या दिवशी बंद झालं असतं. फाउंड्रीत मालकाची नजर कुठं वळते ते शेवटच्या हेल्परलासुद्धा कळतं. त्यांना वेळ नव्हता असं नाही, त्यांना कुणी सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं होतं. म्हणून तुम्हाला आता सांगते आहे. सर्क्युलर काढा, बोर्ड लावा, पण पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा तिच्या टेबलाजवळ चहा मागवा आणि सगळ्यांसमोर तिला तिच्या नावानं हाक मारा.

गेल्या महिन्यात मी तिला फोन केला. घाबरतच केला. ती आता गावाकडं राहून एका ट्रान्सपोर्टवाल्याचे हिशेब घरूनच करते, पैसे कमी मिळतात. मी मशीनचं आणि त्या किल्लीचं सांगितलं आणि माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आईची तब्येत, म्हशीचं दूध असं काहीबाही बोलणं झालं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "कुठं जागा निघाली तर सांगा, ताई. पण आधी संडासाचं इचारून ठेवा."

तुमच्याकडे डिस्पॅचला, स्टोअरला किंवा अकाउंट्सला जागा असेल तर मला कळवा. मी ते विचारणार आहे.

आपली नम्र,
शिरोलीतल्या एका टाइम ऑफिसातली कर्मचारी